"आम्ही आर्सेनिक वापरतच नाही": जस्त, अ‍ॅसिड आणि लाल लघवी

ताई, तुम्ही लिहिलेलं सगळं नीट वाचलं. आधी ते थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. तुमचा धाकटा भाऊ, वय २६, झिंक सल्फेट बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात कंत्राटदाराकडून हेल्पर म्हणून लागलेला. शनिवारी दुपारी रिअ‍ॅक्टरच्या तळाला घट्ट बसलेला गाळ काढायचा होता, सुपरवायझरने वरून थोडं अ‍ॅसिड आणि पाणी सोडायला लावलं आणि तासाभराने दोघं जण कामाला लागले, तोंडाला रुमाल, हातात फावडं आणि बादली. भाऊ आत पाऊण तास होता, जोडीदार दहा मिनिटं आत आणि बाकीचा वेळ वर मॅनहोलपाशी बादल्या ओढत. संध्याकाळी भावाचं डोकं जड, थंडी वाजल्यासारखं, पोटात कळा, उलट्या, आणि रात्री लघवी कोकम सरबतासारखी लाल. कंपनीत म्हणाले गॅस लागला असेल, गूळ खा, ताक पी. रविवारी गावातल्या डॉक्टरांनी डोळे पिवळे बघून कावीळ म्हणून गोळ्या दिल्या, सोमवारी लघवीच बंद झाली, आता तो जिल्ह्याच्या ठिकाणी आयसीयूत आहे आणि दोन डायलिसिस झालेत. तिथले डॉक्टर विचारतायत की नक्की कशाशी संपर्क आला, आणि कंपनी म्हणते आमच्याकडे फक्त जस्त आणि सल्फ्युरिक, विषारी असं काही आम्ही वापरतच नाही. तुम्हाला विचारायचंय की हे नेमकं झालं काय, किडनी परत येईल का, आणि पुढे कॅन्सरची भीती आहे का.

सगळ्यात आधी त्या दुसऱ्या मुलाचं बोलू. तुम्ही एका ओळीत लिहून गेलात की जोडीदाराला पण एक दिवस लघवी लालसर झाली होती, पण तो बरा आहे आणि घरी झोपून आहे. त्याला आजच्या आज हॉस्पिटलमध्ये न्या, उद्या नाही. जिथे डायलिसिसची सोय आहे अशाच ठिकाणी न्या, आणि त्याचं हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, पोटॅशियम, बिलिरुबिन, एलडीएच आणि लघवीची रूटीन तपासणी करायला सांगा, शिवाय एक ईसीजी. पाच दिवस झाले म्हणून धोका टळला असं समजू नका, कारण किडनी हळूहळू बंद पडत असेल तर माणसाला सुरुवातीला नुसता थकवा वाटतो, भूक जाते, पायावर थोडी सूज येते, आणि घरचे म्हणतात की अशक्तपणा आहे. दिवसभरात लघवी किती होते तेही मोजायला सांगा, अंदाजाने नको, बाटलीत मोजून.

आता तुमचा पहिला प्रश्न. मी पेशंट तपासलेला नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तिथल्या डॉक्टरांचा, पण गेली २८ वर्षं कारखान्यातल्या कामगारांचेच आजार बघतोय आणि तुम्ही सांगितलेला क्रम वाचून माझ्या डोक्यात एकच नाव येतं, आर्सिन. आर्सेनिक आणि हायड्रोजन मिळून बनलेला वायू. आर्सेनिकची जेवढी संयुगं कामाच्या जागी भेटतात त्यातलं हे सगळ्यात घातक, आणि तितकंच सगळ्यात कमी ओळखलं जाणारं. डॉक्टरांना आत्ता जाऊन हे तीन शब्द सांगा: जस्त, अ‍ॅसिड, आर्सिन. एवढं कानावर पडलं तरी चांगला फिजिशियन किंवा नेफ्रॉलॉजिस्ट (किडनीचा डॉक्टर) पुढचं जोडून घेईल.

कंपनी म्हणते आम्ही आर्सेनिक वापरत नाही, आणि गंमत नाही सांगत, ते बहुतेक खरंच बोलतायत. त्यांच्या स्टोअरमध्ये आर्सेनिकचा एक डबा पण नसेल. आर्सिन कोणी विकत आणत नाही (सेमीकंडक्टरवाले सोडून, त्यांच्याकडे सिलिंडर असतात), तो तिथल्या तिथे तयार होतो. जस्ताच्या खनिजात निसर्गतःच थोडं आर्सेनिक असतं, तसंच तांबं, शिसं, कथील यांच्या खनिजातही. मोठ्या कारखान्यात धातू शुद्ध करताना ते काढून टाकतात, आणि काढलेलं सगळं जाऊन बसतं राखेत, ड्रॉसमध्ये (वितळलेल्या धातूवर जमणारी मळी), भट्टीच्या धुळीत, स्लजमध्ये (गाळात). आता छोटे झिंक सल्फेटवाले कच्चा माल म्हणून नेमकं हेच घेतात, झिंक अ‍ॅश, ड्रॉस, ब्रास अ‍ॅश, जे स्वस्त मिळेल ते, आणि ट्रकगणिक माल बदलतो. अ‍ॅसिडमध्ये जस्त विरघळलं की हायड्रोजन सुटतो, शाळेत प्रयोगशाळेत आपण सगळ्यांनी तो बुडबुड्यांचा प्रयोग बघितलाय, तर हा ताजा, त्याच क्षणी सुटणारा हायड्रोजन प्रचंड क्रियाशील असतो आणि शेजारी आर्सेनिक सापडलं की त्याला चिकटून आर्सिन बनतो. गाळात आर्सेनिक सगळ्यात जास्त साठलेलं असतं कारण प्रत्येक बॅचचं थोडं थोडं तिथेच खाली बसत जातं, त्यात न विरघळलेले जस्ताचे कण असतात, वरून अ‍ॅसिड ओतलं, म्हणजे जे जे लागतं ते सगळं एका बंद टाकीच्या तळाशी एकत्र आलं. फावडं लोखंडी असेल तर अ‍ॅसिडमध्ये त्यानेही हायड्रोजन सुटायला हातभारच लागतो.

बरं, अ‍ॅसिड लागतंच असंही नाही. काही ड्रॉसमध्ये, विशेषतः कथील किंवा शिसं शुद्ध करताना अ‍ॅल्युमिनियम किंवा कॅल्शियम वापरलं असेल तर, आर्सेनिक अशा स्वरूपात बांधलेलं असतं की नुसतं पाणी लागलं तरी आर्सिन सुटतो. पावसाळ्यात उघड्यावर पडलेल्या ड्रॉसच्या ढिगाजवळ लसणासारखा वास येतो असं कामगार सांगतात ना, तो वास सहज घेऊ नका. तसंच कॉस्टिक सोडा आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र आले तरी हायड्रोजन सुटतो, त्यामुळे आर्सेनिक असलेल्या टाकीत अ‍ॅल्युमिनियमची शिडी टाकून कॉस्टिकने धुणं हेही तितकंच वाईट.

कंपनीला अजून एक विचारा. झिंक सल्फेट खत म्हणून विकायचं तर खत नियंत्रण आदेशाप्रमाणे त्यात शिसं, कॅडमियम आणि आर्सेनिक किती चालेल याची मर्यादा ठरवून दिलेली आहे. मालात आर्सेनिक येऊच शकत नाही असं असतं तर त्याची मर्यादा कशाला घातली असती? कच्च्या मालाचे आणि तयार मालाचे टेस्ट रिपोर्ट मागा, आणि जमलं तर त्या गाळाचा नमुना कोणीतरी टाकी पूर्ण साफ करून टाकायच्या आत जपून ठेवायला हवा.

ही काही नवी माहिती नाहीये ताई, म्हणूनच मला जास्त त्रास होतो. शेले नावाच्या स्वीडिश केमिस्टने १७७५ मध्ये आर्सेनिक आम्लात जस्त टाकून हा वायू पहिल्यांदा बनवला, म्हणजे तुमच्या भावाच्या टाकीत जे झालं साधारण तेच. गेलन नावाचा जर्मन केमिस्ट १८१५ मध्ये म्युनिकला याच वायूवर प्रयोग करताना श्वासातून विषबाधा होऊन गेला. दोनशेहून जास्त वर्षं झाली आणि अजून आपल्याकडे माणसं रुमाल बांधून त्यात उतरतायत.

तुम्ही विचारलंत की इतका विषारी होता तर आत असताना कळलं कसं नाही. कारण तो कळतच नाही. क्लोरीन असतं तर डोळे झोंबले असते, अमोनिया असता तर ठसका लागून दोघं पळत बाहेर आले असते. आर्सिन रंगहीन, डोळ्यांना घशाला काहीच होत नाही. वास असतो, किंचित लसणासारखा, पण तो साधारण ०.५ पीपीएमला (पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत एक भाग) यायला लागतो आणि आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आठ तासांसाठीची मर्यादा होती ०.०५ पीपीएम, म्हणजे वास आला तेव्हाच तुम्ही मर्यादेच्या दहा पट हवेत उभे आहात. अमेरिकेतल्या हायजिनिस्ट लोकांच्या संस्थेने, एसीजीआयएचने, तर त्यांची शिफारस अजून खाली आणून ०.००५ केली. जीवाला ताबडतोब धोका अशी पातळी ३ पीपीएम मानतात, आणि २५ ते ५० पीपीएममध्ये अर्धा तास राहिलं तर माणूस दगावू शकतो. अ‍ॅसिडच्या वाफांचा वास ज्या टाकीत आधीच भरलाय तिथे लसणाचा हलका वास कोणाला लक्षात येणार? हा वायू हवेपेक्षा पावणेतीन पट जड आहे, टाकीच्या तळाशी तळं साचल्यासारखा साचतो. भाऊ वाकून खाली फावड्याने ओढत होता आणि जोडीदार वर मॅनहोलपाशी मोकळ्या हवेत, म्हणून एक आयसीयूत आणि एक घरी. दोघांच्या प्रकृतीचा किंवा नशिबाचा त्यात भाग कमी, डोकं किती उंचीवर होतं आणि किती मिनिटं होतं याचा जास्त.

शरीरात काय होतं ते सांगतो. वायू फुप्फुसातून रक्तात जातो, लाल पेशीत शिरतो, हिमोग्लोबिनला जाऊन लागतो आणि पेशी फुटायला लागतात. लगेच नाही, हीच फसगत आहे. दोन तासांपासून चोवीस तासांपर्यंत माणूस चालतो बोलतो, शिफ्ट संपवून बसने घरी जातो, आणि मग डोकेदुखी, पोटात कळा, कंबरेत दुखणं, उलट्या. डोस जेवढा मोठा तेवढी ही मधली वेळ कमी. पेशी फुटल्या की आतलं हिमोग्लोबिन मोकळं होऊन रक्तात तरंगतं, किडनीतून गाळून लघवीत येतं, म्हणून ती लाल, मग कोकमासारखी, मग जवळजवळ काळी. दुसऱ्या दिवशी डोळे आणि कातडी पिवळी व्हायला लागते, पण नेहमीच्या काविळीची हळदी पिवळी नाही, तांबूस, जुन्या पितळेच्या भांड्यासारखी. पोटदुखी, लाल लघवी, तांबूस कावीळ, हे तीन एकत्र आले आणि माणूस धातू आणि अ‍ॅसिडच्या कामावरचा असला की दुसरं काही सिद्ध होईपर्यंत आर्सिनच समजायचं, मी तरी तसंच समजतो. तिसरी पायरी किडनीची, मोकळं हिमोग्लोबिन किडनीच्या बारीक नळ्यांत गोठून त्या बुजवतं आणि आर्सेनिकचा स्वतःचा मारही त्या नळ्यांना बसतो, मग लघवी कमी होत होत बंद. शिवाय फुटलेल्या पेशींतलं पोटॅशियम रक्तात येतं आणि किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, त्याने हृदयाचे ठोके बिघडतात. लाल पेशी फुटणं एका दिवसात थांबतं असंही नाही, तीन-चार दिवस चालू राहू शकतं, म्हणून पहिल्या दिवशी हिमोग्लोबिन १२ आलं म्हणून घरी सोडायचं नसतं.

इथे एक जुनी गोष्ट सांगतो, कारण ती अजून मनातून जात नाही. मी नवीन असताना एका कारखान्याच्या दवाखान्यात होतो, ड्रॉसवर काम करणारा एक जण पोट दुखतं म्हणून आला. रक्त काढून लॅबला पाठवलं, लॅबचा फोन, सॅम्पल हिमोलाइज झालंय (म्हणजे त्यातल्या लाल पेशी फुटल्यात), नीट काढून परत पाठवा. परत काढलं, हळूच, मोठी सुई वापरून. परत तोच फोन. मला वाटलं सिस्टरचा हात नीट नाही. तिसऱ्यांदा तेच आलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की सॅम्पल खराब नाहीये, माणसाच्या अंगातलं रक्तच असं झालंय. या सगळ्यात जवळजवळ अर्धा दिवस गेला. तो पेशंट वाचला, पण दीड महिना डायलिसिसवर होता, आणि तो अर्धा दिवस माझ्या हिशोबात आहे. म्हणून सांगतो, जे डॉक्टर किंवा लॅबवाले हे वाचत असतील त्यांनी लक्षात ठेवा, कारखान्यातल्या माणसाचं सॅम्पल दोनदा हिमोलाइज्ड आलं तर सुईला दोष देऊ नका, ट्यूब उभी करून वरचा प्लाझ्मा बघा, तो गुलाबी-लाल असेल तर काम सुरू करा. लघवीच्या पट्टीवर रक्त भरपूर पॉझिटिव्ह आणि मायक्रोस्कोपखाली लाल पेशी मात्र नाहीतच, हा दुसरा पुरावा. हा कुठल्याही तालुक्याच्या लॅबमध्ये दहा मिनिटांत मिळतो, त्याला मोठं मशीन लागत नाही.

गावातल्या डॉक्टरांवर फार रागावू नका असं मी म्हणेन. डोळे पिवळे, उलट्या, आपल्याकडे पहिला विचार काविळीचाच येतो. कोकणात पावसाळ्यात असा पेशंट आला, कावीळ आणि लघवी कमी, तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा आजार) समजून उपचार सुरू होतात आणि तेही चूक नाही, फक्त लेप्टोत ताप असतो, पोटऱ्या भयंकर दुखतात, आणि लक्षणं दिसायला बरेच दिवस लागतात, टाकीतून निघाल्यावर त्याच संध्याकाळी नाही. मलेरियात आणि जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्यांमध्येही पेशी फुटून लघवी काळी होऊ शकते, त्यासाठी तपासण्या आहेत. पण हे सगळं वेगळं काढायला एक प्रश्न विचारावा लागतो, काल तू कामावर नेमकं काय केलंस, आणि तो प्रश्न आपल्याकडे ओपीडीत विचारलाच जात नाही. काविळीचं गावठी औषध द्यायचा कोणी आग्रह करत असेल तर कृपा करून देऊ नका, बंद पडलेल्या किडनीवर अजून एक अनोळखी ओझं नको. गुळाचं पण तेच, गूळ खाल्ल्याने पोटात गेलेली धूळ निघते का हा वेगळा वाद, पण रक्तात गेलेला वायू गुळाने निघत नाही, आणि गूळ खाऊन आराम कर म्हणण्यात जे तास जातात ते परत मिळत नाहीत.

उपचाराबद्दल. यावर उतारा म्हणून इंजेक्शन नाहीये. आर्सेनिकवर बीएएल किंवा डीएमएसए सारखी औषधं आहेत आणि नातेवाईक इंटरनेटवर वाचून ती आणायला धावतात, पण आर्सिनमुळे चाललेलं पेशी फुटणं ती थांबवत नाहीत. नंतर शरीरातलं आर्सेनिक जास्त आढळलं तर द्यायची की नाही तो डॉक्टरांचा निर्णय. सुरुवातीच्या तासांत सलाइन देऊन लघवी वाहती ठेवणं, आणि पेशी जोरात फुटत असतील तर एक्स्चेंज ट्रान्सफ्युजन, म्हणजे पेशंटचं रक्त थोडं थोडं काढून दात्याचं रक्त भरत जायचं, त्याने फुटक्या पेशी, मोकळं हिमोग्लोबिन आणि त्याला चिकटलेलं विष तिन्ही बाहेर जातं. डायलिसिस किडनीचं काम करतं, पोटॅशियम काढतं, पण हिमोग्लोबिनला चिकटलेलं विष त्यातून निघत नाही, म्हणून पहिल्या दिवशीच पेशंट ओळखला गेला तर दोन्हीचा विचार होतो. तुमच्या भावाची ती वेळ गेली असेल, आता पाचवा दिवस, हिमोग्लोबिन स्थिर झालं असेल तर मुख्य लढाई किडनीची आहे. लघवी पूर्ण बंद असताना सलाइन चढवत राहा असा आग्रह तुम्ही धरू नका, पाणी फुप्फुसात भरतं.

किडनी परत येईल का? डायलिसिस उपलब्ध नव्हतं त्या काळात लघवी बंद झालेला आर्सिनचा पेशंट बहुतेक जायचाच, आज तशी स्थिती नाही. तरुण आहे, आधीचा शुगर-बीपीचा त्रास नाही असं तुम्ही लिहिलंय, अशा बऱ्याच जणांची किडनी काही आठवड्यांत काम करायला लागते. आधी दिवसाला पन्नास-शंभर मिली लघवी, मग एकदम वाढते, लिटरच्या लिटर, तेव्हा घरचे खूश होतात पण त्या दिवसांत पाणी आणि क्षार सांभाळावे लागतात. काहींची किडनी मात्र पूर्ण पहिल्यासारखी होत नाही, थोडी कमजोर राहते. म्हणून घरी आल्यावर क्रिएटिनिन, बीपी आणि लघवीतलं प्रोटीन किमान वर्षभर तपासत राहा, पहिले दोन-तीन महिने तर अगदी न चुकता. अजून एक, दोन-चार आठवड्यांनी तळपायाला मुंग्या, जळजळ, चालताना चप्पल निसटणं असं काही सुरू झालं तर लगेच सांगा, आर्सेनिकने नसा दुखावतात आणि ते उशिरा दिसतं. नखांवर आडव्या पांढऱ्या रेषा पण उमटू शकतात, त्या दिसल्या तर फोटो तारखेसकट काढून ठेवा, पुरावा म्हणून कामाला येतो.

कॅन्सरबद्दल सरळ सांगतो. आर्सेनिक आणि त्याची अकार्बनी संयुगं माणसात कॅन्सर करतात याबद्दल शंका नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने, आयएआरसीने, त्यांना पहिल्या गटात टाकलंय, अमेरिकेत मोंटानामधल्या अ‍ॅनाकोंडा आणि वॉशिंग्टनमधल्या टकोमा इथल्या तांब्याच्या स्मेल्टरमधले (खनिजातून धातू गाळायच्या कारखान्यांतले) कामगार वर्षानुवर्षं अभ्यासले गेले आणि फुप्फुसाचा कॅन्सर जास्त दिसला. पण ते लोक रोज, अनेक वर्षं धूळ घेत होते. ती धूळ मुख्यतः आर्सेनिक ट्रायऑक्साइडची, म्हणजे आपला सोमल, आजी लोकांना माहीत असलेलं तेच विष. एका दुपारच्या वायूने तेवढा धोका होत नाही, त्यामुळे भावासमोर कॅन्सर हा शब्द आत्ता काढू नका. मला काळजी वेगळी आहे, तो तिथे किती महिने होता आणि रोज अ‍ॅशची पोती फोडत होता का? तळहात-तळपायावर कडक चामखिळीसारख्या गाठी, अंगावर पावसाचे थेंब पडून वाळल्यासारखे काळे-पांढरे ठिपके, नाकातून सारखं रक्त किंवा नाकाच्या पडद्याला भोक, ही रोजच्या धुळीची चिन्हं. भावाला नसतील, पण तिथे दहा वर्षं काम केलेल्या एखाद्याला असतील, आणि त्याला ते घट्टे वाटत असतील.

लघवीत आर्सेनिक तपासायला सांगतील, जरूर करा, पण दोन गोष्टी. रिपोर्ट यायला दिवस लागतात, त्यासाठी उपचार थांबवायचे नाहीत. आणि मासे. सुरमई, कोळंबी, खेकडा, तिसऱ्या खाल्ल्या की लघवीत एकूण आर्सेनिक खूप वाढलेलं दिसतं, ते जवळजवळ निरुपद्रवी प्रकारचं असतं पण रिपोर्टमध्ये आकडा मोठा येतो आणि मग कंपनीचा वकील म्हणतो की हा तर मासे खाऊन झाला. भाऊ हॉस्पिटलमध्ये आल्यापासून तिथलंच खातोय त्यामुळे त्याचा प्रश्न नाही, पण जोडीदाराला आणि बाकी कामगारांना तपासणीआधी तीन-चार दिवस मासे बंद ठेवायला सांगा, आणि लॅबला अकार्बनी आर्सेनिक वेगळं काढून द्या असं लिहून द्या.

आता कंपनीचं. कावीळ झाली होती असं लिहून घ्यायचा प्रयत्न होईल, कुठल्याही कागदावर भावाची किंवा तुमची सही करू नका. हॉस्पिटलच्या केसपेपरवर कामाची हिस्टरी लिहून घ्या, तारीख, वेळ, टाकीत किती वेळ, काय ओतलं. कारखाना कायदा १९४८, त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत आर्सेनिकची विषबाधा नोंद करण्याच्या आजारांत होती, नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी कामगार सुरक्षेची नवीन संहिता आली आणि तिच्याही तिसऱ्या अनुसूचीत ती आहे, आणि असा पेशंट बघणाऱ्या डॉक्टरने मुख्य कारखाना निरीक्षकांना कळवणं हे कायद्याने त्याचं काम आहे, उपकार नाही. महाराष्ट्रात हे खातं म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, सगळे डिश म्हणतात. तिथे तुम्ही स्वतः पण लेखी अर्ज देऊ शकता, पोच घ्या. पगारातून ईएसआयसी (कामगार राज्य विमा) कापत असतील तर कामावरच्या दुखापतीसाठी पहिल्या दिवसापासून हक्क लागू होतो, किती महिने वर्गणी भरली हा प्रश्न येत नाही, आणि बरा होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के मिळतात. ईएसआयसी नसेल तर भरपाईचा कायदा आहे, आधी तो १९२३ चा होता, आता सामाजिक सुरक्षा संहितेत आलाय, आणि कंत्राटदाराचा माणूस होता आमचा नाही हे उत्तर तिथे चालत नाही, मूळ मालकाकडेही मागता येतं.

टाकी अजून अर्धी साफ राहिलीय असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे उद्या-परवा दुसऱ्या कोणाला तरी उतरवतील, आणि हे मला सगळ्यात जास्त खातंय. तिथल्या पोरांना निरोप द्या. गाळात अ‍ॅसिड पडलेलं आहे तोवर कोणीही आत जायचं नाही. रुमाल, धुळीचा मास्क, रंगकामाचा काडतुसाचा मास्क यातलं काहीही चालत नाही, बाहेरून नळीने हवा येणारा किंवा पाठीवर सिलिंडर असलेला सेटच लागतो. सेफ्टीवाले चार गॅसचा मीटर सोडून दाखवतील, ऑक्सिजन, ज्वालाग्राही, कार्बन मोनॉक्साइड आणि एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड), चारही हिरवे आले म्हणतील, पण आर्सिन ओळखायला त्याचा स्वतंत्र सेन्सर किंवा ट्यूब लागते, त्या चारांत तो मोजला जात नाही. हवा खेचायची तर तळापासून, वरून पंखा मारून जड वायू हलत नाही. आत कोणी पडला तर त्याच्यामागे उडी मारायची नाही, दोरी आणि हार्नेस आधीच बांधलेला हवा. बाहेर काढलेल्या माणसाला हात लावायला मात्र घाबरू नका, तो वायू कपड्यांना धरून राहत नाही, मोकळ्या हवेत आणा, अ‍ॅसिडचे कपडे काढा, आणि बरं वाटतंय म्हणाला तरी चोवीस तास लघवीचा रंग बघितल्याशिवाय सोडू नका.

तुमच्या आसपास बॅटरीच्या प्लेटा वितळवणारे, गॅल्व्हनायझिंगचं पिकलिंग करणारे (म्हणजे जस्ताचा थर देण्याआधी लोखंड आम्लात धुणारे), भंगारातून कथील-शिसं काढणारे जे असतील त्यांनाही हेच लागू आहे, तिथेही धातू, अ‍ॅसिड आणि त्यात लपलेलं थोडं आर्सेनिक हीच जुळणी असते. बॅटऱ्या चार्ज करताना शेवटी शेवटी जो वायू सुटतो त्यातही तो येऊ शकतो, कारण काही प्लेटांच्या शिशात आर्सेनिक मुद्दाम मिसळलेलं असतं.

डॉक्टरांना काही शंका असली तर दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, चोवीस तास चालतं, डॉक्टर स्वतः फोन करून बोलू शकतात. आत्ता आधी त्या जोडीदाराच्या घरी फोन करा. त्याचं क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन आलं की आकडे तारखेसकट मला कळवा, आणि भावाची रोजची लघवी किती मिली होते तेही, मी बघतो.